छातीवरचा बिल्ला आणि जागेवरची सायकल

माझ्या मोबाइलमध्ये ४१ बिल्ले आहेत. काही सोनेरी, काही चंदेरी. एकावर डोंगर आहे, एकावर पंख, एकावर नुसतीच जळती ज्योत. हे सगळे मी गेल्या दीड वर्षात अंबरनाथच्या आनंदनगरात, घराच्या मागच्या खोलीत, एक इंचही पुढे न जाणाऱ्या सायकलवर बसून कमावले आहेत.

अँजिओप्लास्टी झाल्यावर डॉक्टरांनी रोज अर्धा तास सायकल सांगितली, तीही नाडी ठरावीक आकड्याच्या वर न नेता. आमच्या भागात रस्त्यावर सायकल चालवायची म्हणजे एमआयडीसीचे टँकर, पावसाळ्यातले खड्डे आणि पाळी सुटल्यावरची रिक्षांची झुंबड. म्हणून भाच्याने माझी जुनी सायकल लोखंडी स्टँडवर चढवली, मागच्या चाकाखाली रोलर बसवला, सेन्सर लावला आणि मोबाइलवर एक फुकटचं अॅप घालून दिलं. पहिल्याच दिवशी अॅपने मला ‘पहिलं पाऊल’ नावाचा बिल्ला दिला. सायकलवर पाऊल कुठे टाकतात, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. मी खूश झालो होतो.

पुढे सलग साठ दिवसांचा बिल्ला समोर दिसू लागला. अठ्ठावन्नाव्या दिवशी मला ताप आला. मी चालवली. एकोणसाठाव्या दिवशीही चालवली. साठाव्या दिवशी उतरताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी कपाटाला धरून खाली बसलो. त्याच वेळी मोबाइलच्या पडद्यावर रंगीत कागदाचे तुकडे उडत होते. बायको धावत आली, तिने आधी मला पाणी दिलं, मग पडद्याकडे पाहून विचारलं, “अहो, हा बिल्ला काय डॉक्टरांनी दिलाय?”

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनीही विचारलं, की अंगात ताप असताना हृदयाला कामाला का लावलंत? मोठ्याने देता येईल असं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. तेव्हापासून या विषयाच्या मागे लागलो आहे. मी शिकलेला इतिहासकार नाही. एका कारखान्याचं स्टोअर सांभाळतो आणि रद्दीतून व्यायामावरची जुनी पुस्तकं, मासिकं उचलून आणतो. पण व्यायामाला बिल्ला लावायची कल्पना मोबाइलबरोबर आलेली नाही, एवढं मला लवकरच कळलं.

आधी शब्दच पाहू. मराठीत बिल्ला हे मुळात बक्षीस नव्हतंच. कचेरीतल्या शिपायाला आपण पट्टेवाला म्हणतो, ते खांद्यावरून आडव्या जाणाऱ्या पट्ट्यावरून आणि त्यावरच्या पितळी बिल्ल्यावरून. रेल्वे स्टेशनवरच्या हमालाच्या दंडावर नंबराचा पितळी बिल्ला असतो. ती त्याची शाबासकी नव्हे, ओझं उचलण्याचा परवाना आहे. माझे वडील अंबरनाथच्या काडेपेटीच्या कारखान्यात होते. गेटाशी फळ्यावर खिळ्यांना पितळी बिल्ले टांगलेले असत. आत जाताना आपला उचलायचा आणि पेटीत टाकायचा. बिल्ला फळ्यावर लटकत राहिला, की त्या दिवसाचा खाडा. मोबाइलवर सलग दिवसांची साखळी तुटते तिला भाचा काहीतरी इंग्रजी शब्द वापरतो. मला मात्र तो सरळ ‘खाडा’ वाटतो, आणि खाड्याची भीती मला वारशाने मिळाली आहे, असाही संशय येतो. फरक एवढाच, की वडिलांचा बिल्ला ते हजर होते एवढंच सांगायचा. उद्या तापात या, असं तो कधी म्हणाला नाही. (पगार कापला जाईल या भीतीने ते तापातही जात, हे खरं, पण तो दोष पितळेचा नव्हता.)

सायकल आणि बिल्ला यांची गाठ पडली ती १८९० च्या दशकात. दोन्ही चाकं सारखी असलेली, हवेच्या टायरची सायकल तेव्हा नुकतीच आली होती, आणि अमेरिका-इंग्लंडमधल्या कारकुनांना, दुकानातल्या नोकरांना रविवारी शहराबाहेर पडायचं नवं वेड लागलं होतं. १८९१ मध्ये अमेरिकेत ‘सेंच्युरी रोड क्लब ऑफ अमेरिका’ स्थापन झाला. सेंच्युरी म्हणजे एका दिवसात शंभर मैल. ते पुरे करणाऱ्याला पदक मिळे, आणि पुढच्या प्रत्येक शंभर मैलांना त्या पदकाखाली टांगायची एक धातूची पट्टी. पट्टीखाली पट्टी लोंबू लागली की छातीवर शिडीच तयार व्हायची.

या शिडीला वरची पायरी नसते, हे लवकरच दिसलं. १९११ मध्ये ‘सायकलिंग’ या ब्रिटिश साप्ताहिकाने वर्षभरात जास्तीत जास्त सेंच्युऱ्या कोण करतो, अशी स्पर्धा लावली. मार्सेल प्लानेस या तरुणाने ३६५ दिवसांत ३३२ सेंच्युऱ्या केल्या, एकूण ३४ हजार मैलांहून जास्त. बहुतेक रोज शंभर मैल, इंग्लंडच्या हिवाळ्यात, त्या काळच्या रस्त्यांवर आणि त्या काळच्या जड सायकलवर. त्याचं धैर्य मला नाकारायचं नाही. पण शंभर मैल ही एका रविवारची मजा होती, तिची रोजची हजेरी झाली ती या स्पर्धेत. पुढे सेंच्युऱ्या मागे पडल्या आणि वर्षाचे एकूण मैल मोजणं सुरू झालं. १९३९ मध्ये टॉमी गॉडविनने एका वर्षात ७५,०६५ मैल कापले. दिवसाला दोनशेहून जास्त. हा व्यायाम राहिला का, याचं उत्तर मला सापडत नाही. प्रशिक्षण तर नक्कीच नव्हे, कारण प्रशिक्षणाचा अर्धा भाग विश्रांतीचा असतो. शरीर बळकट होतं ते ताण पडल्यानंतरच्या विसाव्यात. आमच्या तालमीतल्या वस्तादांनाही हे ठाऊक होतं, म्हणून जोर-बैठकांनंतर मालिश, आखाड्याची माती आणि झोप यांनाही दिनक्रमात जागा होती.

आता अंबरनाथला परत येतो, कारण जागच्या जागी फिरणारी आणि छातीवर मान मिरवणारी पहिली सायकल मी इथेच पाहिली. ज्यांचं बालपण सत्तर-ऐंशीच्या दशकात गेलं, त्यांना हा खेळ आठवत असेल. गावात एक सायकलवाला यायचा. मैदानात चुन्याने एक वर्तुळ आखलं जायचं, मधे बांबू, बांबूवर भोंगा. तो त्या वर्तुळात रात्रंदिवस सायकल चालवायचा, पाच दिवस, सात दिवस, पाय जमिनीला न टेकवता. सायकलवरच जेवायचा, सायकलवरच दाढी करायचा, बादली घेऊन सायकलवरच अंघोळ करायचा. पोरं टाळ्या पिटायची. भोंग्यावर सिनेमाची गाणी आणि मधूनमधून घोषणा. कुणी पुढे येऊन धावत धावत त्याच्या सदऱ्याला टाचणीने नोट लावायचं. एकाची, दोनाची, क्वचित पाचाची. नोट लावणाऱ्याचं नाव भोंग्यावरून पुकारलं जायचं. शेवटच्या दिवशी सदऱ्याची छाती नोटांनी झाकलेली असायची आणि तो वळणावर आला की त्या नोटा वाऱ्याने फडफडायच्या.

मी आठ-नऊ वर्षांचा असेन. रात्री तो खरंच चालवतो का, यावर आमच्या चाळीत पैजा लागल्या होत्या. वडील दुसऱ्या पाळीहून मध्यरात्रीनंतर सायकलनेच परतत. मी त्यांना जाताना बघून यायला सांगितलं. सकाळी त्यांनी सांगितलं ते आजही जसंच्या तसं आठवतं. भोंगा बंद होता. बघायला कुणी नव्हतं, एक कुत्रं तेवढं होतं. नोटांचा सदरा बांबूला टांगलेला होता आणि तो बनियनवर चालवत होता.

हे मी मुद्दाम एवढं लांबवून सांगितलं, कारण खोलीतल्या सायकलचा सगळा पेच त्या वर्तुळात आहे. रस्त्यावरच्या सायकलस्वाराला रस्ताच सांगतो, की तू काही केलंस. खोपोलीहून बोरघाट चढून खंडाळ्याला पोचलं, की मागे वळून दरी दिसते. तिथे बिल्ला नसला तरी चालतं. मुंबई-पुणे शर्यतीत त्या चढावर ‘घाटाचा राजा’ हा किताब असतो. तो आपल्याकडे टूर द फ्रान्सच्या धर्तीवर आला. तिथे डोंगरांच्या राजाची अधिकृत गणना १९३३ मध्ये सुरू झाली आणि पहिला मान स्पेनच्या विसेंते त्रुएबाला मिळाला, पण त्या राजासाठी लाल ठिपक्यांची जर्सी निघाली ती १९७५ मध्ये. मधली ४२ वर्षं राजे होते, वस्त्र नव्हतं. घाट होता, तेवढं पुरत होतं.

खोलीत घाट नाही. समोर भिंत, भिंतीवर गेल्या वर्षीची दिनदर्शिका, शेजारी पंखा. पंखा हवाच, कारण जागेवर वारा लागत नाही आणि आपल्या दमट हवेत शरीर तापतं, तेवढ्याच जोराला नाडी हळूहळू वर चढत जाते. म्हणूनच जागेवरच्या सायकलला पहिल्यापासून काहीतरी तबकडी लागत आली आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मेजर टेलर आणि चार्ल्स मर्फी हे दोन नामांकित अमेरिकन सायकलपटू रंगमंचावर रोलरवर शर्यती खेळत, आणि कोण पुढे आहे हे प्रेक्षकांना मोठ्या तबकडीवरचे काटे दाखवत. १९१२ मध्ये बुडालेल्या टायटॅनिकच्या व्यायामशाळेतही दोन स्थिर सायकली होत्या. त्यांच्यासमोर भिंतीवर एक मोठी तबकडी, तिच्यावर एक लाल आणि एक निळा काटा. अथांग समुद्र शेजारी असताना माणसं काट्याकडे बघत पायडल मारत होती. तेव्हा बिल्ल्याला हसणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं, की जागेवर फिरणाऱ्या चाकाला काहीतरी साक्षीदार लागतो. सायकल स्टँडवर चढल्यावर पहिले पंधरा दिवस मी तिच्यावर बसलो ते निव्वळ बिल्ल्यांमुळे. डॉक्टरांचा कागद ड्रॉवरमध्ये होता, बिल्ला डोळ्यांसमोर होता.

पण साक्ष कुठे संपते आणि मजुरी कुठे सुरू होते?

इथे एक प्रसंग सांगायलाच हवा. २०१४ मध्ये झ्विफ्ट नावाचा सायकलचा आभासी खेळ आला. घरातल्या स्टँडवर पायडल मारायचं, पडद्यावरची आपली बाहुली काल्पनिक बेटावरच्या रस्त्यांवर पळते. चढ आला की स्टँड आपोआप जड होतो. बिल्ले आहेत, पायऱ्या आहेत, आणि काही बक्षिसं अशी आहेत की ती नुसती शोभेची नाहीत. त्यातलं सर्वांत मानाचं म्हणजे चमकत्या चाकांची एक सायकल, खेळाडू तिला ‘ट्रॉन’ म्हणतात. ती मिळवायला एकूण ५०,००० मीटर चढ चढावा लागतो, म्हणजे समुद्रसपाटीपासून एव्हरेस्ट साडेपाच वेळा. मिळाली की त्या खेळात ती इतर बहुतेक सायकलींपेक्षा वेगाने पळते.

मार्च २०१९ मध्ये ब्रिटनने या खेळातली आपली पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरवली. कॅमरन जेफर्स जिंकला, ट्रॉनवर बसून. ऑक्टोबरमध्ये त्याचं विजेतेपद काढून घेतलं गेलं, सहा महिन्यांची बंदी आणि २५० पौंड दंड झाला. कारण त्याची ट्रॉन त्याच्या पायांनी मिळवलेलीच नव्हती. स्वारासारखे आकडे पाठवणारा एक संगणकीय प्रोग्राम लावून त्याच्या नावावर तो चढ चढवण्यात आला होता. शर्यत मात्र तो स्वतःच्या पायांनी, पंचांच्या देखत धावला होता.

मला या प्रसंगात लबाडीपेक्षा दुसरंच काही महत्त्वाचं वाटतं. जेफर्सचे पाय खरे होते. शर्यत जिंकण्याची ताकद त्याच्यात असावी. खोटा होता तो फक्त बिल्ला. ५०,००० मीटरचा चढ त्याला प्रशिक्षण वाटला नाही, शर्यतीआधी उरकायची वेठ वाटली. आणि वेठ माणूस दुसऱ्याकडून, जमल्यास यंत्राकडून करून घेतो. (मेहनतीच्या खेळात मेहनत करणारं यंत्र लावायचं, ही कल्पना आमच्या एमआयडीसीत कुणाला फारशी चमत्कारिक वाटणार नाही.) जागेवरची सायकल खोटीच असते, असं मात्र यावरून म्हणू नये. डिसेंबर २०२० मध्ये याच खेळावर पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि पुरुषांत जिंकला जर्मनीचा जेसन ऑस्बोर्न, जो मुळात वल्हेबाज. पुढच्याच वर्षी टोकियो ऑलिम्पिकमध्ये त्याने वल्हवण्यात रौप्यपदक मिळवलं. त्याच्या पडद्यावरच्या पायांमागे खरे पाय होते.

मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी हा धागा लहान मुलांपाशी पकडला होता. १९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी अमेरिकेतल्या एका बालवाडीत, रंगीत पेनांनी चित्रं काढायला मुळातच आवडणारी मुलं निवडली. काहींना आधी सांगितलं, की चित्र काढलंत तर सोनेरी शिक्का आणि फीत लावलेलं प्रमाणपत्र देऊ. काहींना काही न सांगता नंतर अचानक दिलं. काहींना दिलंच नाही. पुढे मोकळ्या वेळेत तीच पेनं समोर ठेवली, तेव्हा आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुलं इतरांच्या साधारण निम्मा वेळच चित्रांपाशी रमली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड कमी झालेली नव्हती.

हे वाचून मी हिशेब मांडला होता, की आधी ठरवलेला बिल्ला वाईट, नंतर मिळालेला चांगला. सुटसुटीत होतं. मग २०२१ मध्ये छापलेला एक अभ्यास हाती लागला आणि माझा हिशेब चुकला. कॅलिफोर्नियातल्या १५,३२९ विद्यार्थ्यांवर हजेरीच्या बक्षिसांचा प्रयोग झाला होता. पुढच्या महिन्यात पूर्ण हजेरी लावलीत तर बक्षीस, असं सांगितल्याने सरासरी हजेरी वाढली नाही. आणि आधी न सांगता, मागच्या पूर्ण हजेरीबद्दल बक्षीस दिलं, त्या मुलांची पुढची हजेरी घटली. अभ्यासकांनी लावलेला अर्थ असा, की बक्षिसाने मुलांना नकळत सांगितलं, तुम्ही इतरांपेक्षा जास्त आलात, अपेक्षेपेक्षाही जास्त. मग मुलं थोडी सैलावली. म्हणजे साक्षही निर्दोष नसते; तिच्याबरोबर शेरा येतो. तिसरा अभ्यास प्रोग्रामरांच्या ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावरचा, २०१३ चा. बिल्ला जवळ आला की लोक ते काम जोराने करत आणि मिळाला की जोर ओसरे. माझ्या साठाव्या दिवसाचा आलेख कुणी काढला असता, तर त्यात नीट बसला असता.

बिल्ला टाकूनच द्यावा, असं मात्र मला वाटत नाही, आणि याचं कारण आहे एक जुना फ्रेंच बिल्ला. ‘ऑडॅक्स क्लब पॅरिझियन’ या १९०४ च्या क्लबाची लांब पल्ल्याची सायकलिंग पद्धत आता मुंबई, पुणे, नाशिक इथल्या सायकलवाल्यांतही रुळली आहे. तिला ‘ब्रेव्हे’ म्हणतात. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४०. हातात एक कार्ड, वाटेतल्या ठरलेल्या ठिकाणी त्यावर नोंद. पुरं केलं तर पदक, तेही हवं असेल तर स्वतः पैसे भरून घ्यायचं. मला भावते ती त्यातली दोन कलमं. पहिलं, क्रमांक नसतो. साडेसात तासांत आलेला आणि साडेतेरा तासांत आलेला, दोघांना तेच पदक. दुसरं, वाटेतली ठिकाणं ठरावीक वेळेआधी उघडतच नाहीत. फार लवकर पोचलात तर थांबावं लागतं. घाई करणाऱ्याला नाही म्हणणारा बिल्ला मी दुसरा पाहिलेला नाही.

आपल्या कुस्तीतही एक गोष्ट आहे. महाराष्ट्र केसरीच्या विजेत्याला मामासाहेब मोहोळ यांच्या स्मरणार्थ चांदीची गदा मिळते. गदा हे मुळात व्यायामाचंच साधन. पैलवान लाकडी दांड्याला दगड बसवून ती खांद्यामागून फिरवतात. चांदीची गदा फिरवण्यासाठी नसते, पण तिच्याकडे पाहताना दगडाची आठवण होतेच. माझ्या मोबाइलमधल्या पंखांच्या बिल्ल्याकडे पाहून मला कशाचीच आठवण होत नाही.

माझ्यासारख्याला उपयोगी पडेल असा बिल्ला कसा असावा, हे मी भाच्याला समजावण्याचा प्रयत्न केला. नाडी मर्यादेत राहिली तर मिळावा. तापाच्या दिवशी न चालवल्याबद्दल मिळावा. आठवड्यात दोन खाडे असल्याशिवाय मिळूच नये. तो हसला आणि म्हणाला, “मामा, असं अॅप कुणी वापरणार नाही.” त्याचं बरोबर असेल. अॅप बनवणाऱ्याला मी रोज यायला हवा असतो. डॉक्टरांना मी अजून वीस वर्षं यायला हवा असतो.

वडिलांचा बिल्ला आईने जपून ठेवला होता, तो हल्ली माझ्यापाशी आहे. सायकलच्या हँडलला दोरीने बांधला आहे. चालवताना तो नळीवर आपटून किणकिणतो. मोबाइल मी आता खोलीबाहेर ठेवतो. शेजारच्या स्टुलावर कारखान्यातली एक जुनी स्टॉकवही आहे, तिच्यात तारीख, मिनिटं आणि नाडी लिहितो. नाडी बोटांनी मोजतो. न चालवलेल्या दिवसाचीही ओळ लिहितो, कारणासह. परवाची ओळ अशी आहे: घसा दुखतोय, चालवली नाही. कालची: पाऊस, २५ मिनिटं, १०४.